जगाचे गायरान

खानदेशातील एखाद्या जुन्या गावी गेलात, तर शेतांच्या पलीकडे एक मोकळी जमीन दिसते. तिला गायरान म्हणतात. तेथे कोणी नांगर धरावयाचा नाही की कुंपण घालावयाचे नाही. साऱ्या गावाची गुरे तेथे चरतात. अशा जमिनीला दोन भये असतात. जो तो आपलीच गुरे अधिक चारू लागला, तर गवताची मुळेही शिल्लक राहत नाहीत, हे पहिले भय. शेजारचा शेतकरी दरवर्षी थोडा थोडा बांध कोरीत गेला, तर गायरान आकसत जाऊन एके दिवशी नाहीसे होते, हे दुसरे. म्हणून गावातील शहाणी माणसे गायरानासाठी नियम करतात व ते सर्वांनी पाळावेत असा आग्रह धरतात.

मुलांनो, पृथ्वीच्या पाठीवरही असे एक अफाट गायरान आहे. ते गवताचे नसून बर्फाचे आहे. त्याचे नाव अंटार्क्टिका.

पृथ्वीच्या दोन्ही टोकांस बर्फ असले, तरी ती टोके सारखी नाहीत. उत्तर ध्रुवावर समुद्र आहे व त्याच्याभोवती जमीन आहे. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे व तिच्याभोवती समुद्र आहे. उत्तरेकडे इन्युइट, सामी इत्यादी लोक हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. अंटार्क्टिकावर मात्र मनुष्याची कायम वस्ती कधीच नव्हती. या खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून अधिक आहे. त्यावरील बर्फाच्या थराची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर भरते. रावेर-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो व आपण हैराण होतो. अंटार्क्टिकावरील व्होस्तोक या ठिकाणी २१ जुलै १९८३ रोजी तापमान शून्याखाली ८९.२ अंशांपर्यंत उतरले होते!

अशा ठिकाणी मनुष्य कशासाठी गेला? प्रथम गेला तो कुतूहलाने. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक याने १७७३ साली दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. त्याला हे खंड दिसले नाही. परंतु तिकडील बेटांवर सील प्राण्यांचे कळप आहेत, अशी वार्ता त्याने आणली. कुतूहलाच्या पाठोपाठ लोभ निघाला. १८१९ साली दक्षिण शेटलंड बेटांचा शोध लागला आणि शिकाऱ्यांची जहाजे तिकडे धावली. अवघ्या काही वर्षांत तेथील मऊ केसांचे सील जवळजवळ संपले. कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी गायरानातील गवत मुळासकट खाल्ले, असेच म्हटले पाहिजे.

त्यानंतर पाळी आली देवमाशांची. देवमाशाच्या चरबीपासून तेल निघे. दिव्यांत, साबणात, यंत्रांच्या वंगणात व लोण्याऐवजी खावयाच्या पदार्थांतही ते वापरीत. दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रीटव्हिकेन येथे १९०४ साली देवमाशांच्या तेलाचा कारखाना सुरू झाला. १९०४ पासून १९६५ पर्यंत त्या एका बेटावरच सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. शेवटी कारखाने बंद पडले. ते दयेमुळे पडले नाहीत; धरावयास देवमासेच पुरेसे उरले नाहीत, म्हणून पडले! व्यापारासाठी देवमासे मारण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली, ती १९८६ पासून.

लोभाच्या या काळातही ज्ञानाची ओढ अगदीच मावळली नव्हती. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. इंग्रज कप्तान स्कॉट व त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचले. पण परतीच्या वाटेवर थंडी, भूक व थकवा यांनी त्या पाचही जणांचा अंत झाला. पुढे त्यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो वजनाचे दगड होते. पाऊल उचलणे कठीण झाले असतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. नवल असे की, त्याच वनस्पतीचे ठसे आपल्या विदर्भातील कामठी भागाच्या खडकांतही आढळतात. मधल्या हजारो किलोमीटरांच्या समुद्रापलीकडे तीच पाने कशी गेली? कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत व अंटार्क्टिका ही एकाच विशाल भूखंडाचे भाग होती. त्या भूखंडास शास्त्रज्ञांनी जे नाव दिले, तेही आपल्याकडचेच आहे. गोंड लोकांच्या प्रदेशावरून ते त्याला गोंडवन म्हणतात.

आता बांध कोरण्याची गोष्ट पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, चिली व अर्जेंटिना या सात देशांनी अंटार्क्टिकाच्या निरनिराळ्या भागांवर हक्क सांगितला. ब्रिटन, चिली व अर्जेंटिना यांचे दावे तर एकमेकांवर चढले होते. १९५२ साली होप उपसागराच्या काठी अर्जेंटिनाच्या सैनिकांनी इंग्रज तुकडीला पिटाळण्यासाठी तिच्या डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. जेथे धान्याचा एक दाणा पिकत नाही, तेथेही वहिवाटीचे भांडण सुरू झाले!

अशा वेळी, १९५६ साली, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताने संयुक्त राष्ट्रसंघापुढे हा प्रश्न मांडण्याची सूचना केली. अंटार्क्टिकाचा उपयोग केवळ शांततेच्या कार्यासाठी व्हावा, असे भारताचे म्हणणे होते. काही देशांच्या विरोधामुळे तो विषय चर्चेस आला नाही. परंतु विचार मात्र मागे पडला नाही. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळण्यात आला. त्या काळात १२ देशांच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर खांद्याला खांदा लावून काम केले. एरवी एकमेकांकडे डोळे वटारणारे अमेरिका व रशिया हे देशही त्यांत होते. शास्त्रज्ञांना जे साधले, ते राज्यकर्त्यांनी मान्य केले. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिक करार झाला व २३ जून १९६१ पासून तो अमलात आला.

या करारातील नियम मोजके व स्पष्ट आहेत. येथे लष्करी तळ उभारावयाचा नाही. अणुस्फोट करावयाचा नाही. संशोधन सर्वांना खुले राहील व मिळालेले ज्ञान एकमेकांस दिले जाईल. जुने दावे कोणी सोडावयाचे नाहीत, पण नवे करावयाचे नाहीत व जुने वाढवावयाचेही नाहीत. दुसऱ्याचा तळ पाहावयास कोणीही केव्हाही जाऊ शकेल. पुढे १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या ठरावाने तेथे खनिजांसाठी खोदकाम करण्यासही बंदी झाली.

करारात पुढे आलेल्या देशास सही करता येते. परंतु निर्णयात मत द्यावयाचे असेल, तर तेथे जाऊन भरीव संशोधन करून दाखवावे लागते. भारताने ते करून दाखविले. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेले नॉर्वेचे जहाज निघाले. त्यावर डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ भारतीयांचे पथक होते. गर्जणारे वारे व तरंगते हिमनग चुकवीत हे पथक ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरले. ऑगस्ट १९८३ मध्ये भारताने करारावर सही केली व पुढच्याच महिन्यात त्यास मताचा अधिकार मिळाला.

१९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून तिसरी मोहीम निघाली. तीत प्रथमच दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ होत्या : भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले केंद्र उभारले. ते बर्फावर असल्याने हळूहळू बर्फाखाली गाडले गेले. म्हणून १९८९ साली उघड्या खडकावर 'मैत्री' हे केंद्र उभे राहिले आणि २०१२ साली 'भारती'. या कार्याची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून हलविली जातात.

उत्तर टोकासही भारताचे एक केंद्र आहे. स्वालबार्ड बेटांवरील नी-ऑलेसुंड हे पूर्वी कोळशाच्या खाणीचे गाव होते. १९६२ साली तेथील खाणीत स्फोट होऊन २१ कामगार दगावले व पुढे खाण बंद झाली. आज त्याच गावात अनेक देशांचे शास्त्रज्ञ काम करतात. २००८ साली भारताने तेथे 'हिमाद्री' हे केंद्र सुरू केले. ध्रुवाकडील बर्फाचा आपल्या मोसमी पावसाशी काही संबंध आहे काय, याचा शोध आपले शास्त्रज्ञ घेत आहेत. पावसाची वाट पाहणाऱ्या खानदेशच्या शेतकऱ्याला हा शोध परका वाटावयाचे कारण नाही.

अंटार्क्टिकाच्या बर्फाने आपल्याला पुष्कळ काही शिकविले आहे. त्याच्या खोल थरांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून ८ लाख वर्षांपर्यंतचे हवामान वाचता येते. तेथेच ब्रिटिश शास्त्रज्ञांना वातावरणातील ओझोनचा थर विरळ झाल्याचे दिसले व त्यांनी ते १९८५ साली जगास कळविले. दोनच वर्षांनी, १९८७ साली, ओझोनला घातक असणारी द्रव्ये आवरण्याचा करार झाला आणि आता तो थर हळूहळू सावरत आहे. परंतु पृथ्वीची उष्णता वाढत असल्याने ध्रुवांकडील बर्फ वितळत आहे. अंटार्क्टिकाचे बर्फ वितळले की पाणी चढते ते साऱ्या जगाच्या समुद्रात, कोकणच्या किनाऱ्यावरही. या गायरानाची राखण करण्यासाठी केवळ तेथे न जाणे पुरत नाही. आपापल्या गावी धूर व उधळपट्टी कमी करणे हाही त्याच राखणीचा भाग आहे.

सील व देवमासे मारणारी माणसे आणि करारावर सही करणारी माणसे एकाच मनुष्यजातीची होती. मनुष्य ओरबाडू शकतो, तसा आवरूही शकतो. अंटार्क्टिकाभोवती कुंपण नाही व वेशीवर पहारेकरी नाही. दिलेल्या शब्दावरच ते गायरान आजवर टिकले आहे.

शब्दार्थ
गायरान – गावाची गुरे चरण्यासाठी राखलेली सामाईक जमीन.
बांध कोरणे – शेजारची जमीन हळूहळू आपल्याकडे ओढणे.
वहिवाट – जमिनीचा चालत आलेला वापर.
दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा.

अभ्यास
१. अंटार्क्टिकाला 'जगाचे गायरान' का म्हटले आहे?
२. देवमाशांच्या तेलाचे कारखाने कशामुळे बंद पडले? त्यावरून काय शिकावे?
३. स्कॉटच्या सोबत्यांनी दगड टाकून का दिले नसावेत? तुमचे मत लिहा.
४. अंटार्क्टिक करारातील चार नियम सांगा. तुम्हांस सर्वांत महत्त्वाचा कोणता वाटतो? का?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खांद्याला खांदा लावणे, डोळे वटारणे, मुळासकट.
६. तुमच्या गावातील एखाद्या सामाईक जागेची राखण कशी होते, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून दहा ओळी लिहा.