तलफ आली असता

पंचशील घेतलेल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, विडी-तंबाखूचे नाही. मग विडी ओढली तर शील मोडते काय? उपासक-उपासिकांनो, शब्दावर अडून बसू नका. विडीने झिंग येत नाही हे खरे. पण विडीवाचून ज्याला सकाळी शौचास होत नाही, पोराच्या वहीआधी जो बंडल विकत घेतो, तो स्वतःचा मालक राहिला आहे काय, हे त्याने आपल्याशीच ठरवावे.

सोडण्याचा निश्चय पुष्कळजण करतात. बुद्धपौर्णिमेला करतात आणि तिसऱ्या दिवशी काडेपेटी शोधतात. तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते व मेंदूला त्याची सवय जडलेली असते. ते मिळेनासे झाले की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिल्या काही दिवसांत हा त्रास सर्वांत जास्त, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत तो उतरतो.

तलफ मात्र अखंड नसते. ती येते, चढते आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते. विडी ओढा अगर न ओढा. कित्येकांना हे ठाऊकच नसते, कारण ती ओसरेपर्यंत त्यांनी कधी वाटच पाहिलेली नसते.

प्रतीत्यसमुत्पादात भगवान बुद्धांनी वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणे, असा क्रम दाखविला आहे. घशातली ओढ, हाताची चुळबुळ ही वेदना. ‘आता पाहिजेच’ ही तृष्णा. खिशात गेलेला हात हे उपादान. वेदना उठणे तुमच्या हाती नाही. पण ती उठल्यावर हात खिशात जाईपर्यंत थोडा अवकाश असतो. तेथे जागे राहा. तलफेशी झोंबू नका. ती अंगात कोठे जाणवते, वाढते की कमी होते, ते श्वासाबरोबर पाहत राहा. जवळ घड्याळ असेल तर वेळ मोजा. बसवत नसेल तर घोटघोट पाणी प्या, बडीशेप चघळा, गल्लीतून दोन फेऱ्या मारा. अंगारा आणि गंडा-दोरा यांचे येथे काही काम नाही.

तलफेच्या वेळाही ठरलेल्या असतात: चहाबरोबर, जेवणानंतर, पाळी सुटल्यावर. पहिले काही आठवडे चहाची टपरी बदला. मित्र रागावला तर रागावू द्या.

विडी पानाची म्हणून सौम्य, हा समज खोटा आहे. ती विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात आणि धूर अधिक आत जातो. विडी वळणाऱ्या हातांशी मात्र आपले भांडण नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी १९३०च्या दशकात त्याच हातांची संघटना बांधली होती. विडी सोडून तंबाखूचा बार भरणे हेही सोडणे नव्हे, आणि दात घासण्याची मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तेव्हा घरात एकट्या बापालाच बोल लावू नये.

मध्येच एखादी विडी ओढली गेली तर ‘शील मोडले, आता काय उरले’ म्हणून अख्खे बंडल संपवू नका. शीलाला पालीत सिक्खापद म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम. शिकणारा चुकतो. ती विडी कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत ओढली एवढे लक्षात ठेवा आणि त्याच घटकेपासून पुन्हा सुरू करा. घरच्यांनीही टोमणे आवरावेत. त्या दोन-चार आठवड्यांत माणूस ताटावरून उठला, पोरांवर खेकसला, तर भांडण दुसऱ्या दिवसावर टाकावे.

एवढे करूनही जमत नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. निकोटिनचे च्युइंगम व इतर औषधे मिळतात. गरोदर बाईने आणि हृदयविकार असलेल्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी दूरध्वनी सेवाही आहे, १८००-११-२३५६. या क्रमांकाला पैसे पडत नाहीत.