अडलेलं काडतूस

कामशेत, ता. मावळ

चि. निखिल यास,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. मिशिगनच्या त्या तळघरात काडतुसं भरायचं मशीन छान मांडलंयस. पण खाली विचारतोस, "मामा, फीड अडतंय, कुठला पार्ट बदलू?" एकही बदलू नकोस. दोष सापडायच्या आधी पार्ट बदलणारा फिटर एका दोषाचे दोन करतो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी मशीनं सांभाळली म्हणून तू मला विचारतोस, हे ठीकच. कारखाना 1869 सालचा. लोणावळा लोकलने मावळातली कितीतरी माणसं रोज तिथे जात. काडीपेटी गेटवर जमा, मगच आत. तिथे शिकलेली एक गोष्ट सांगतो: मशीन जिथे अडतं तिथे दोष क्वचित असतो. तो एक-दोन पायऱ्या मागे असतो. तू मात्र व्हिडिओत अडलेल्या जागीच स्क्रूड्रायव्हर घालताना दिसतोस.

तुझ्या मशीनचा दांडा एकदा ओढला की जुनी टोपी, म्हणजे प्राइमर, निघते, बूड दाबून मापात येतं, नवी टोपी बसते, दारू पडते, तिच्यावर वॅडचा बोळा बसतो, छर्रे पडतात आणि तोंड मिटतं. सगळं एका दमात, वेगवेगळ्या काडतुसांवर. त्यामुळे दांडा जड झाला एवढंच हाताला कळतं, कोणामुळे ते कळत नाही. म्हणून आधी टोप्यांची तबकडी उतरव, दारूची आणि छर्ऱ्यांची बाटली बंद करून काढून ठेव. मग एकच रिकामं काडतूस घाल आणि एकेका ठाण्यावरून सावकाश पुढे ने. कुठे घासतं ते बघ. एकटं काडतूस लोण्यासारखं गेलं आणि पूर्ण भरल्यावरच दांडा अडला, तर काडतुसांच्या फिरत्या तबकडीखाली बघ. तिथे सांडलेला एखादा छर्रा नाहीतर दारूचे कण असतील. त्याला ब्रश लागतो, पार्ट नाही.

आता तो छर्रा का सांडला, हे विचार. आपल्याकडे भातगिरणीच्या हॉपरमध्ये दमट इंद्रायणी भात घातला की दाणे एकमेकांवर रेलून कमान करतात; वर भात भरलेला आणि खाली काही पडत नाही. मग कोणीतरी हॉपरला थाप मारतो आणि सगळा ढीग एकदम कोसळतो. तुझ्या मशीनच्या नळीत छर्ऱ्यांचं तेच होतं. एका काडतुसात कमी पडले की त्याचं तोंड मिटताना खड्डा पडतो. पुढच्यात जास्त आले की ते बाहेर सांडतात. मिटलेल्या तोंडाकडे बघितलंस तरी कळेल. नळीच्या आतली कड हातानं चाचपून बघ, खरबरीत असेल तर घासून गुळगुळीत कर.

छर्ऱ्यांचं हे झालं तर मशीन घाण होतं, एवढंच. दारूचं झालं तर माणूस जातो. एका काडतुसात दारू पडलीच नाही आणि नळीत अडकलेली पुढच्यात दुप्पट उतरली, तर बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. हिवाळ्यात तुमच्या घरात हीटर चालतात, हवा कोरडी ठाक होते, प्लास्टिकच्या बाटलीला स्थिर वीज धरते आणि दारूचे पापुद्रे तिच्या भिंतींना चिकटून बसतात. मशीनला अर्थिंगची तार लाव. बाटलीत दारू फार कमी होऊ देऊ नकोस आणि काम संपलं की ती तिच्या मूळ डब्यात परत घाल. वॅड बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात दिव्याच्या उजेडात डोकावायचंच. आणि दांडा अर्ध्यावर अडला तर पुढेमागे हलवून सोडवायचा नाही. फिरत्या तबकडीवरची सगळी काडतुसं उतरव, रिकामी कर आणि पहिल्यापासून सुरुवात कर. दुप्पट दारूचा घोटाळा बहुतेक वेळा याच अर्धवट ओढीत होतो. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

टोपी अडली तर तिला ठोकायचं नाही. तिचं कामच ठोक्याला पेटणं. चष्मा घाल, टोप्यांची तबकडी आधी बाजूला ने, मग जागा साफ कर. टोपी बसली की बुडावरून बोट फिरव. ती जराही वर आली असेल तर काडतूस बाजूला काढ. तुझ्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत बोल्ट आपटताना अशी टोपी चाप न ओढताच फुटू शकते.

तू लिहितोस की भरलेली काही काडतुसं बंदुकीतही अडतात. हा दोष रिकाम्या काडतुसांच्या ढिगात असावा. व्हिडिओत मला तीन-चार रंग दिसले. क्लबवर पडलेली जमा करतोस ना? प्रत्येक कंपनीच्या काडतुसाचा आतला आकार वेगळा, त्यामुळे एकाला बेताचा वॅड दुसऱ्यात उंच बसतो आणि तोंड नीट मिटत नाही. शिवाय बूड पितळेचं आहे की पोलादाचं, हे चुंबक लावून बघ. पोलाद दाबलं तरी थोडं मागे येतं आणि चेंबरमध्ये घट्ट जातं. बूड दाबून मापात आणलेलं रिकामं काडतूस, टोपी बसवण्याआधी, बंदुकीपासून सोडवलेल्या नळीत टाकून बघ. आपल्या वजनाने आत गेलं आणि उलटं धरताच बाहेर पडलं, तर बरोबर. एका वेळी एकाच जातीची काडतुसं भर. वॅड, टोपी, दारू मापांच्या पुस्तकात दिलेल्या जोडीचीच घे. फीड सुधारावं म्हणून दारूचं माप बदलणं हा मूर्खपणा आहे.

मारताना आवाज फुसका आला तर तिथेच थांब. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघ. आत वॅड अडकला असेल आणि वर दुसरा बार टाकलास तर नळी फाटते.

आता दुसरी गोष्ट, जी तू सहज लिहून गेलास. चैत्रात येताना लहान मशीन आणि टोप्या घेऊन येतो, आजोबांच्या दुनळीची काडतुसं घरीच भरू, म्हणजे रानडुकरांचा बंदोबस्त होईल. हे डोक्यातून काढून टाक. टोप्या आणि दारू विमानाच्या सामानात चालत नाहीत, ना हातातल्या, ना खालच्या. आणि आणल्यास तरी इथे काय करणार? माझा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. विनापरवाना दारूगोळा बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. मिशिगनमध्ये जो तुझा रविवारचा छंद आहे, तो मावळात तुला तुरुंगात नेईल. डुकरांनी भात तुडवला तर वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागता येते. खेटे घालावे लागतात, पण तो रस्ता आहे.

दुनळीत फीड नसतंच. काडतूस हाताने घालायचं. तरी आपल्याकडे ते अडतं, कारण लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कागदी काडतूस त्या दमटपणात फुगतं आणि चेंबरमध्ये जात नाही. खेड्यात काही जण ते चुलीच्या उबेला ठेवतात. त्यांना मी काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी खडकीची 'केएफ' अक्षरांची प्लास्टिकची काडतुसं परवानाधारक दुकानातून घेतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. महाग पडतात, पडू देत.

पुढचा फोन करण्याआधी एक वही घाल. कोणत्या ठाण्यावर, कितव्या काडतुसाला, कोणत्या कंपनीच्या काडतुसाला अडलं आणि प्रत्येक दहाव्याला दारूचं वजन किती भरलं, ते लिही. त्या पानांचे फोटो पाठव. ती आल्याशिवाय मी पार्टबद्दल एक शब्दही बोलणार नाही.

तुझा,
मामा