रानाला पांघरूण

२०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. २०२५ साली लातूर-नांदेडकडे पावसाने कहर केला. कित्येक रानांतली माती खरडून गेली. एकदा पाण्याची टंचाई, एकदा पाण्याचा मारा. आपला मुलूख असा आहे.

पीक गेले तर पुढच्या साली पुन्हा पेरता येते. माती गेली तर काय करणार? बोटभर मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

उघड्या रानावर पावसाचा थेंब जोराने आपटतो. ढेकूळ फुटते. माती वाहून ओढ्याला जाते. रानावर हिरवे पीक असले, तर थेंब पानांवर पडतो. मुळ्या माती धरून ठेवतात. म्हणून रिकाम्या रानात ताग, धैंचा, चवळी पेरावी. हे रानाचे पांघरूण. ताग साधारण दीड महिन्यात फुलावर येतो. तेव्हा तो रानातच गाडावा. त्याचे चांगले खत होते.

पण रानात एक पीक उभे आहे, तर दुसरे पेरायचे कसे? तिफण तर घालता येत नाही. भंडारा-गोंदियाकडे याची जुनी युक्ती आहे. धान कापणीला आले, की बांधीतल्या ओलीवर शेतकरी लाखोळीचे बी हाताने फोकतात. धान निघते, तोवर लाखोळी उगवलेली असते. याला उतेरा म्हणतात.

हेच काम आता ड्रोन करू शकतो. ड्रोन म्हणजे आत माणूस न बसता उडणारे लहान यंत्र. आपल्याकडे तो बहुधा फवारणीला येतो. औषधाच्या टाकीच्या जागी बियांची पेटी बसवली, की तो वरून बी टाकतो. पीक तुडवले जात नाही. अमेरिकेत उभ्या मक्यात आणि सोयाबीनमध्ये असे बी टाकतात.

ड्रोन चालवायला शिक्षण आणि परवाना लागतो. बायाही हे काम शिकल्या आहेत. २०२३ साली केंद्र सरकारने महिला बचत गटांसाठी नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ड्रोन बी मातीआड करत नाही. बी वरच पडते. ओल नसली तर ते वाळते, पाखरे खातात. म्हणून रानात ओल असेल तेव्हाच बी टाकावे. पांघरुणाचे पीकही ओल पिते. पुढे कोरडवाहू हरभरा घ्यायचा असेल, तर ओल त्याच्यासाठी राखावी.

ड्रोन नसला म्हणून अडत नाही. आधी पाच गुंठ्यांत हाताने बी फोकून पाहा. कोणते बी, केव्हा टाकायचे, ते सगरोळीच्या किंवा लातूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. यंत्र भाड्याने मिळते. माती भाड्याने मिळत नाही.

प्रश्न
१. उघड्या रानातली माती कशी वाहून जाते?
२. उतेरा म्हणजे काय?
३. एकराला २० किलो बी टाकायचे आहे. पेटीत १० किलो मावते. ड्रोनच्या किती फेऱ्या होतील?