बालकांतील स्वमग्नता : प्रारंभिक लक्षणांचा शोध

पाळण्यातील मूल रडू लागले की घरातील सर्वांचे लक्ष तिकडे जाते. ताप आला किंवा पाय वाकडा वाटला, तर दवाखाना गाठला जातो. परंतु जे मूल एकटेच शांत पडून राहते, हाकेला वळून पाहत नाही, कडेवर घ्यावे म्हणून हात पुढे करीत नाही, त्याचे ‘किती गुणी बाळ’ असे कौतुकच होते. स्वमग्नता अनेक घरांत नजरेआड राहते ती यामुळेच. मूल काय करते यापेक्षा ते काय करीत नाही, यातच तिची पहिली लक्षणे दडलेली असतात.

स्वमग्नता हा साथीचा रोग नव्हे. मेंदूच्या विकासाची ती एक वेगळी धाटणी आहे. इतरांशी संवाद साधणे, भाषा आत्मसात करणे आणि वागण्यात लवचीकपणा ठेवणे या बाबतींत अशा बालकांना कमीअधिक अडचणी येतात.

पहिली नोंद

अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ८ मुलगे व ३ मुली अशा ११ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आईने उचलून घेण्यासाठी हात पुढे केले असता लहान मूल आपले अंग सहज सावरून घेते. यांपैकी अनेक बालके तसे करीत नसत, ही बारीक गोष्ट त्यांनी टिपली. काही बालके तर बहिरी असावीत, असे घरच्यांना वाटले होते.

पुढील काळात मात्र मातेच्या मायेचा अभाव हेच या अवस्थेचे कारण, असा समज पसरला व असंख्य मातांच्या माथी विनाकारण दोष आला. १९७७ साली सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही बालके स्वमग्न आढळली. १० द्विबीज जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. या अवस्थेचे मूळ संगोपनात नसून बव्हंशी अनुवंशात आहे, हे त्यातून सूचित झाले व पुढील संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली.

वाढदिवसाच्या चित्रफिती

निदान होण्यापूर्वी ही बालके कशी वागत होती? अमेरिकेतील जेराल्डीन डॉसन व ज्युली ऑस्टरलिंग यांनी १९९४ साली याचे उत्तर घरगुती चित्रफितींत शोधले. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या ११ व सर्वसाधारण वाढीच्या ११ बालकांच्या पहिल्या वाढदिवसाच्या फिती त्यांनी तपासल्या. चार गोष्टींत फरक दिसला : इतरांच्या चेहऱ्याकडे पाहणे, हातातील वस्तू दुसऱ्यास दाखविणे, बोट दाखविणे आणि नावाने हाक मारल्यास वळणे. निदानापूर्वी कितीतरी आधी, भर समारंभात, ही लक्षणे सर्वांसमोर होती.

बोट दाखविण्याचा अर्थ

मूल दोन कारणांनी बोट दाखविते. ‘मला ते द्या’ हे एक. आणि ‘तो बघा चांदोमामा’ हे दुसरे. दुसऱ्या प्रकारात मुलाला वस्तू नको असते. आपला आनंद दुसऱ्याने वाटून घ्यावा एवढेच त्याला हवे असते. स्वमग्न बालकांत हा दुसरा प्रकार उशिरा येतो किंवा दिसतच नाही.

या निरीक्षणावर ब्रिटनमधील सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक साधी चाचणी मांडली. घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिका व कुटुंबाचे डॉक्टर ती घेऊ शकत. त्यानंतर आग्नेय इंग्लंडमध्ये १८ महिने वयाच्या सुमारे १६,००० बालकांची तपासणी करण्यात आली. बोट दाखविणे, दुसऱ्याच्या नजरेच्या दिशेने पाहणे आणि लुटुपुटीचा खेळ खेळणे, या तीन गोष्टी त्यांत मुख्य होत्या. तिन्ही गोष्टी सातत्याने न करणारी १२ बालके आढळली व त्यांपैकी १० स्वमग्न ठरली.

या यशाला दुसरी बाजूही होती. तीच बालके सात वर्षांची झाली, तेव्हा स्वमग्नतेची ५० उदाहरणे समोर आली. चाचणीने त्यांपैकी १९ बालकेच ओळखली होती. एकदा केलेली तपासणी पुरेशी नाही, हा त्यातील धडा होय.

पहिल्या वर्षातील बदल

अमेरिकेतील वॉरन जोन्स व अमी क्लिन यांनी २०१३ साली तान्ह्या बालकांच्या नजरेचा यंत्राने मागोवा घेतला. पुढे स्वमग्न ठरलेली बालके दोन महिन्यांची असताना इतरांप्रमाणेच डोळ्यांकडे पाहत होती. मात्र दोन ते सहा महिन्यांच्या काळात हे पाहणे घटत गेले. सॅली ओझोनॉफ यांच्या २०१० सालच्या अभ्यासातही सहाव्या महिन्यात वागण्यातील फरक दिसला नव्हता. बाराव्या महिन्यापर्यंत तो स्पष्ट झाला. अनेक बालकांत लक्षणे अशी हळूहळू उलगडतात.

लवकर ओळखून काय साधते?

ऑस्ट्रेलियात ९ ते १४ महिने वयाच्या, प्रारंभिक लक्षणे असलेल्या १०३ बालकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. बाळाचे इशारे ओळखून प्रतिसाद कसा द्यावा, हे काही मातापित्यांना शिकविण्यात आले. तीन वर्षे वयाच्या सुमारास त्यांच्या बालकांत स्वमग्नतेचे निदान ६.७ टक्के, तर इतर गटात २०.५ टक्के होते. अभ्यास लहान असला तरी आशादायक आहे.

गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ बालकांबाबत असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे हे मार्गदर्शन तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केले. सर्वच बाबतींत सुधारणा झाली नाही; परंतु मातापित्यांचा प्रतिसाद सुधारला आणि बालके स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. तज्ज्ञांची वाण असलेल्या प्रदेशांत याचे मोल मोठे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

पुढील गोष्टी प्रत्येक अंगणवाडी सेविका, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ध्यानात ठेवाव्यात. १२ महिन्यांपर्यंत बाळबोल किंवा हातवारे नसणे, हाकेला न वळणे; १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे; १८ महिन्यांपर्यंत बोट न दाखविणे; दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे; आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे वा खेळणे नाहीसे होणे, ही तपासणीची कारणे होत. ही लक्षणे म्हणजे निदान नव्हे. श्रवणदोष व इतर कारणेही असू शकतात. म्हणून प्रथम कानांची तपासणी व्हावी. स्वमग्न बालकाच्या धाकट्या भावंडांकडे विशेष लक्ष द्यावे. २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात अशा भावंडांपैकी १८.७ टक्के स्वमग्न आढळली.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हा पातळीवरील केंद्रात पुढील उपचार, अशी योजना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे. परंतु या दारापर्यंत बालकाला कुणीतरी पोहोचवावे लागते. ‘बोलेल हळूहळू, त्याचे वडीलही उशिराच बोलले होते’ या सांत्वनात मोलाचे महिने निघून जातात. आईच्या मनातील शंका हसण्यावारी न नेता तिला तपासणीची वाट दाखविणे, हे काम गावातच होऊ शकते. त्यासाठी यंत्र लागत नाही. जाणती नजर लागते.