पावती

‘आपले पत्र पावले.’ जुन्या पिढीतील माणसे पत्रोत्तराचा आरंभ पुष्कळदा अशा वाक्याने करीत. पावणे म्हणजे मिळणे, हाती येणे. या क्रियापदावरूनच ‘पावती’ हा शब्द तयार झाला. एखादी वस्तू किंवा रक्कम आपल्याला मिळाली, अशी घेणाऱ्याने लिहून दिलेली कबुली म्हणजे पावती. ‘पोच’ आणि ‘रसीद’ हे शब्दही याच अर्थाचे आहेत. पोच हा शब्द ‘पोचणे’ यापासून आला. रसीद हा शब्द फारसी असून त्याच्याही मुळाशी पोचणे हाच अर्थ आहे.

बिल आणि पावती यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. बिल ही मागणी आहे, पावती ही कबुली आहे. विजेचे बिल घरी आले, म्हणजे पैसे देणे बाकी आहे. ते भरून पावती मिळाली, म्हणजे देणे फिटले.

चांगल्या पावतीवर क्रमांक, दिनांक, देणाऱ्याचे नाव, रकमेचे कारण आणि घेणाऱ्याची सही असते. रक्कम अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहितात. ५०० या आकड्यापुढे एक शून्य वाढविणे सोपे असते. ‘पाचशे रुपये मात्र’ या अक्षरांत फेरफार करणे कठीण. पावती फाडून दिल्यावर तिची स्थळप्रत पावतीपुस्तकात राहते. त्यामुळे पुढे शंका आल्यास दोन्ही कागद ताडून पाहता येतात.

एवढ्याशा कागदाचे मोल केवढे असते, हे महाराष्ट्राच्या इतिहासावरून दिसून येते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. त्यांनी कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करून त्यांची होळी केली. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्याची कारणे अनेक होती. कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता. त्यातच बहुतेक शेतकरी निरक्षर. कर्जाचा हप्ता दिला, तरी त्याचा पुरावा त्यांच्यापाशी नसे. वही सावकाराची आणि लेखणीही सावकाराचीच! फेडलेले कर्ज पुन्हा मागितले, तर शेतकऱ्याने काय दाखवावे?

सरकारने या प्रकरणी चौकशी मंडळ नेमले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. शेतकऱ्याने कर्जापोटी रक्कम देताच घेणाऱ्याने त्याला लेखी पावती दिली पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. पावती न देणाऱ्यास दंडाची तरतूद होती. दुर्बळाच्या हाती आता एक पुरावा आला.

आज पावतीशी आपला नित्य संबंध येतो. शाळेची फी, घरपट्टी, गणेशोत्सवाची वर्गणी, बाजार समितीत विकलेला माल, या सर्वांची पावती घ्यावी लागते. विकलेल्या मालाचे बिल किंवा पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. फोनवरून पैसे दिल्यावर येणारा संदेशही पैसे गेल्याचे सांगतो. परंतु ते कशासाठी दिले, हे त्यात पुष्कळदा नसते. म्हणून अशा वेळीही पावती मागून घेणे इष्ट.

भाषेतही या शब्दाने मानाचे स्थान मिळविले आहे. नाटक रंगले, की प्रेक्षकांच्या टाळ्या ही नटाला मिळालेली पावती असते. ‘तुझ्या कष्टांची पावती मिळाली,’ असे वडीलधारी माणसे यशस्वी विद्यार्थ्याला म्हणतात.

पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे काहींना वाटते. वस्तुतः माणसाची स्मरणशक्ती अपुरी असते आणि विस्मरणातून कलह उद्भवतात. पावतीमुळे देणारा निर्धास्त होतो, घेणाराही संशयातून मुक्त राहतो. व्यवहार चोख असला, म्हणजे स्नेह टिकतो.

शब्दार्थ
स्थळप्रत – देणाऱ्याच्या पुस्तकात राहणारी पावतीची प्रत
कर्जरोखा – कर्ज घेतल्याचा लेखी दस्तऐवज
लोण पसरणे – एखादी गोष्ट सर्वत्र फैलावणे

स्वाध्याय
१. बिल आणि पावती यांतील फरक सांगा.
२. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या?
३. ग्रंथालयाची वर्गणी मिळाल्याची पावती तयार करा.