किती गुण हवेत?

प्रस्तावना

परीक्षा जवळ आली की काही जण ‘जमेल तेवढे करू’ असे म्हणतात, तर काही जण ‘भरपूर गुण मिळवायचेच’ असा निश्चय करतात. या दोन्ही वाक्यांत एकच उणीव आहे. त्यांत आकडा नाही. आकडा नसला की निश्चय कितीही प्रामाणिक असो, किती अभ्यास पुरेसा होईल हे कळत नाही. हवे असलेले ध्येय गाठण्यासाठी अंतिम परीक्षेत किती गुण लागतील, हे आधी काढता येते. त्यासाठी लागणारे गणित बेरीज, वजाबाकी आणि भागाकार एवढेच आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला

• ‘भारांश’ या शब्दाचा अर्थ सांगता येईल;
• अंतिम परीक्षेत आवश्यक असलेले गुण काढता येतील;
• मिळालेल्या उत्तरावरून अभ्यासाचा निर्णय घेता येईल;
• ‘जर–तर’ या वाक्यरचनेतील अर्थभेद ओळखता येईल.

१. भारांश म्हणजे काय?

एकूण निकालात प्रत्येक भागाचा जो वाटा असतो, त्याला भारांश म्हणतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पद्धतीत शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायाचा भारांश २० टक्के असतो. प्रात्यक्षिक नसलेल्या विषयात उरलेले ८० टक्के सार्वजनिक परीक्षेचे असतात. म्हणजे १०० गुणांच्या निकालात २० गुण स्वाध्यायाचे व ८० गुण परीक्षेचे, असे धरून हिशेब करावा.

२. एक उदाहरण

समजा, बडोद्यात शिवणकाम करून घर चालवणारी एक विद्यार्थिनी आहे. तिला पुढच्या एका अभ्यासक्रमाला प्रवेश हवा आहे आणि त्यासाठी पाच विषयांत मिळून ६० टक्के गुणांची अट आहे. मुक्त विद्यालयात उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण नोंदणीच्या पाच वर्षांच्या मुदतीत साठवता येतात. त्या सोयीमुळे तिचे चार विषय पूर्ण झाले असून त्यांत तिला ६२, ५४, ६६ आणि ५१ गुण आहेत. आता मराठी हा एकच विषय उरला आहे. मराठीच्या स्वाध्यायात तिला २० पैकी १६ गुण मिळाले आहेत. लग्नसराईचे जादा काम दारात आले आहे. ते घ्यावे की तो वेळ अभ्यासाला द्यावा, हा तिच्यापुढील प्रश्न आहे.

पायरी १ : पाच विषयांचे ६० टक्के म्हणजे ५०० पैकी ३०० गुण.
पायरी २ : चार विषयांची बेरीज ६२ + ५४ + ६६ + ५१ = २३३.
पायरी ३ : मराठीत हवे असलेले गुण ३०० − २३३ = ६७.
पायरी ४ : स्वाध्यायाचे १६ वजा केल्यावर ६७ − १६ = ५१. हे ५१ गुण ८० पैकी हवेत.
पायरी ५ : ५१ ÷ ८० × १०० = ६३.७५ टक्के.

येथे ६३ टक्के पुरणार नाहीत. म्हणून अपूर्णांक आला की नेहमी वरचा पूर्णांक धरावा. तिचे लक्ष्य ६४ टक्के आहे.

३. नेहमी होणारी चूक

स्वाध्यायात ८० टक्के मिळाले आहेत आणि एकूण ६७ हवेत. तेव्हा परीक्षेत ५४ टक्के मिळाले की सरासरी ६७ होईल, असा हिशेब सहज मनात येतो. पण हा हिशेब दोन्ही भागांना सारखे वजन देतो. प्रत्यक्षात ५४ टक्के म्हणजे ८० पैकी ४३.२ गुण. त्यांत १६ मिळवले की ५९.२ होतात. पाच विषयांची बेरीज २९२.२ वर थांबते आणि प्रवेश हुकतो.

याच उदाहरणात स्वाध्याय दिलाच नसता, तर परीक्षेत ८० पैकी ६७, म्हणजे ८३.७५ टक्के मिळवावे लागले असते. घरी बसून, पुस्तक उघडून लिहिता येणाऱ्या स्वाध्यायाने परीक्षेचे ओझे २० टक्क्यांनी हलके केले आहे.

४. उत्तरावरून निर्णय

उत्तर हाती आले की ते आपल्या आजच्या तयारीशी ताडून पाहावे. त्या विद्यार्थिनीने वेळ लावून एक सराव प्रश्नपत्रिका सोडवली आणि तिला ५२ टक्के मिळाले, असे समजू. अंतर १२ टक्क्यांचे आहे. हे अंतर पत्रलेखन आणि व्याकरण यांच्या रोजच्या सरावाने भरून निघेल का, हे तिला आता नेमकेपणाने पाहता येते. भरण्याजोगे असेल, तर जादा काम नाकारण्याला कारण आहे. नसेल, तर वर्षातून दोनदा होणाऱ्या परीक्षेच्या पुढच्या सत्राचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरे.

उत्तर ८० पैकी ८० हून अधिक आले, तर ते ध्येय या विषयात आता शक्य नाही, असे समजावे. उत्तर फार लहान आले, तरीही निष्काळजी राहू नये. उत्तीर्णतेचे किमान नियम निराळे पाळावेच लागतात. शिवाय काढलेला आकडा हा किमान असतो. त्यावर चार-पाच गुण अधिक धरून तयारी करावी.

पाठगत प्रश्न

१. स्वाध्यायात २० पैकी १८ गुण आहेत. विषयात एकूण ७० हवेत. परीक्षेत किती टक्के लागतील?
२. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत भाषा विषयाला लेखी ८० व अंतर्गत २० गुण असतात. अंतर्गत १७ मिळाले असता एकूण ७५ होण्यासाठी लेखी परीक्षेत किती गुण हवेत?
३. स्वाध्यायात १० गुण असताना एकूण ९५ गुण मिळवता येतील का?

भाषाभ्यास

(अ) स्वाध्याय वेळेवर दिला असता, तर ओझे कमी झाले असते.
(आ) स्वाध्याय वेळेवर दिला, तर ओझे कमी होईल.

दोन्ही वाक्यांत अट आहे. पहिल्या वाक्यातील अट पूर्ण झाली नाही आणि संधी निघून गेली. दुसऱ्यातील अट अजून पूर्ण करता येते. हिशेब लवकर केला, की आपले वाक्य (आ) सारखे राहते.

उत्तरे

१. ६५ टक्के. २. ५८ गुण. ३. नाही, ८० पैकी ८५ लागतील.