फावडं पाठीवरच हवं

माझी स्लेड (स्नोमोबाइल) रुतली म्हणून हिमस्खलन झालं, असं आमचा म्होरक्या कॅल्गरीतल्या मराठी घरांमध्ये अजून सांगत फिरतो. म्हणून हे लिहितोय.

रेव्हलस्टोकच्या पार्किंगमध्ये मी त्याला ‘अ‍ॅव्हलांच कॅनडा’चा त्या दिवसाचा अंदाज दाखवला होता. धोका ५ पैकी ३, आणि नव्या बर्फाखाली गाडला गेलेला कच्चा थर. “तीनच ना!” म्हणत त्याने हेल्मेट चढवलं. ३ म्हणजे मधलं, निभावून जाईल असं काही नव्हे. माणसाच्या भाराने उतार सुटण्याची दाट शक्यता या पायरीपासूनच सुरू होते. बाष्प थेट गोठून झालेले स्फटिक नव्या बर्फाखाली गाडले गेले की कित्येक आठवडे तसेच कच्चे राहतात. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

उताराच्या मध्यावर माझी स्लेड रुतली. एका उतारावर एका वेळी एकच जण, हा इथला पहिला नियम. मी रेडिओवर ओरडून सांगितलं, वर येऊ नका. तरी म्होरक्या मदतीला म्हणून निघाला आणि माझ्याही वरून वळला. धप्प असा दबका आवाज आला. त्याच्या स्लेडखालून निघालेली भेग माझ्या डोक्यावरच्या बर्फातून आडवी पळत गेली. अख्खा उतार सुटला, हे मला तेव्हाच कळलं. आणि तो मला हात हलवून दाखवत होता!

पाठीवरच्या एअरबॅगचा दांडा ओढला, म्हणून बर्फ थांबला तेव्हा डोकं जवळपास वर होतं. थांबताक्षणी बर्फ इतका आवळला की बोट हलेना. तोंडापुढचा बर्फ तिसऱ्या सोबत्याने काढला. म्होरक्या लोटाच्या कडेने सुटला होता. धावत आला आणि काय केलं? फावडं मागितलं. त्याचं स्वतःचं स्लेडला बांधलेलं, आणि स्लेड बर्फाखाली.

तेव्हा फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) पाठपिशवीतच ठेवा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं यंत्र) अंगावर, जॅकेटच्या आत. फोन त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर दूर, शोध घेताना ५०. बॅटरीवर तापणारे हातमोजेही शोधाच्या वेळी बंद करा. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्यात हेलिकॉप्टर पोहोचत नाही, सोबतीच खणणार असतात. खाली थांबणाऱ्यांनीही उताराच्या पायथ्याशी घोळका करू नये. २०१० च्या मार्चमध्ये रेव्हलस्टोकच्याच बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलची स्पर्धा बघायला जमलेल्या गर्दीवर बर्फ कोसळला. दोघे गेले, तीसेक जखमी झाले. धोका वाढलेला असेल तर ३० अंशांहून उभा उतार सोडून द्या. हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स करा. घरी सांगून निघा, जादा कपडे घ्या.

या हिवाळ्यात तो नव्याने आलेल्या मुलांना घेऊन निघतोय. मुलांनो, ट्रेलरवरून स्लेड उतरवण्याआधी त्याला पाठपिशवी उघडून दाखवायला सांगा. आत फावडं नसेल तर तिथूनच परत फिरा.